पटाची फटफटी

नाव कोणाचंच घेत नाही. चिखलदरा केवढंसं गाव. ज्याचं त्याला कळतं आणि बाकीच्यांना आधीच कळलेलं असतं.

तर, पलीकडच्या वयनीच्या लेकानं गाडी बदलली.

बदलली म्हणजे मोडकी टाकून नवी घेतली असं नाही. चांगली ठणठणीत केटीएमची ड्यूक ३९० होती त्याच्याकडे. पोरगं हंगामात पर्यटकांना गाविलगड, पंचबोल, भीमकुंड फिरवून आणतं, दोन पैसे बरे कमावतं, पितंबितं नाही. ती ड्यूक त्यानं विकली, वर आणखी पैसे घातले आणि नागपूरहून त्याच कंपनीची आरसी ३९० उचलली. तीही कोणाच्या तरी हातची, २०१५ ची. वयनीला खबर कधी लागली? गाडी घाट चढून अंगणात उभी राहिल्यावर.

आमच्या दोन अंगणांच्या मधात बांबूचा तट्टा आहे. इतका बुटका, की त्यावरून भाजीची वाटीही जाते आणि बातमीही.

“आली वं माय ती पांढरी?” सकाळी मी आपलं सहज विचारलं.

“आली.” वयनी सुपात तूर निवडत होती, आणि खड्यावरचा राग डाळीवर काढत होती. “पाय बरं बाई, तूच सांग मले. कंपनी थेच. इंजन थेच. ताकद थेच, हे थो सोताच सांगते. मंग वरून पैशे कायचे देल्ले यानं? रंगाचे?”

सवाल इतका नेमका होता की मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचत नसलं की मी चहा टाकते. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं अशी पिकत नाही, इंग्रजांनी लावलेले मळे. पाहुण्यांना आम्ही ते मोठ्या अभिमानानं सांगतो. पण तट्ट्यावरच्या गप्पांना चहाच लागतो.

वयनीचं म्हणणं शब्दाशब्दाला बरोबर होतं. ड्यूक ३९० आपल्याकडं २०१३ मध्ये आली आणि आरसी ३९० त्याच्या पुढच्या वर्षी. कंपनी ऑस्ट्रियाची, पण बजाजनं २००७ पासून तिच्यात भागीदारी घेतलेली, आणि दोन्ही गाड्या बनतात पुण्याजवळ चाकणला. तिथून त्या परदेशात जातात, हे विशेष. दोन्हींत ३७३ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, दोन्हींची ताकद त्रेचाळीस घोड्यांच्या वर. उलट आरसीला पुढून आणि बगलेतून प्लास्टिकचं कवच घातलेलं, फेअरिंग म्हणतात त्याला; त्यामुळं ती काही किलोंनी जडच. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून पोरानं तीच ताकद घेतली आणि वर ओझं घेतलं. हिशेब असा मांडला तर कोणत्याही आईचं डोकं फिरेल.

तेवढ्यात पोरगं फडकं घेऊन बाहेर आलं. आतून ऐकतच असावं.

“इंजनाचे पैशे नाई देल्ले म्या, माय. बसाचे देल्ले.”

“बसाचे!” वयनीनं सूप खाली ठेवलं. “अन् मले बसाले जागा कोठं हाय थ्यात?”

इथं मला तट्ट्यावरून वाकून पाहावंच लागलं. त्या गाडीला मागं सीटच दिसेना. नुसतं वर उचललेलं पांढरं शेपूट. पोरानं त्यावर हात दाबून दाखवला तर ते दबलं. ते शेपूट म्हणजेच मागची सीट! आतून फोम, वरून असं बेमालूम की पाहणाऱ्याला वाटावं ही एकट्याचीच शर्यतीची गाडी. आरसी ३९० च्या पहिल्या पिढीतली ही खास करामत. कागदावर बैठक दोघांची आहे, दिसायला एकाची.

“याच्यावर बसून म्या परतवाड्याच्या बाजारात जाऊ? वांग्याची थैली घेऊन?”

पोरगं काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पण ‘बसाचे पैसे’ म्हणजे काय ते त्यानं मला नीट समजावून दिलं, आणि मला ते पटलं, हे वयनीसमोर बोलले नाही तरी इथं लिहिते. ड्यूकचं हँडल म्हणजे एक सरळ आडवी नळी, छातीसमोर येणारी. माणूस ताठ बसतो, गुडघे वाकतात तेही सोयीनं. आरसीला ती नळीच नाही. पुढच्या दोन दांड्यांना दोन वेगळ्या मुठी खालून आवळलेल्या, त्यांना क्लिप-ऑन म्हणतात. पाय ठेवायचे खुंटे मागं आणि वर. सीट ड्यूकची जमिनीपासून ८०० मिलिमीटर, हिची ८२०. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर ड्यूकचं १३६७ मिलिमीटर, हिचं १३४०. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट पुढच्या दांड्यांच्या कलाची. ड्यूकचा कोन ६५ अंश, आरसीचा साडेसहासष्ट.

“दीड अंश?” मी म्हटलं. “दीड अंशानं काय होते रे?”

पोरानं तट्ट्यातली एक बांबूची कामटी उपसली (नंतर ती परत लावली नाही, हेही नोंदवून ठेवते) आणि चाकाजवळ धरून जरा आडवी केली, जरा उभी केली. मला फरक दिसलाही नाही. घड्याळाचा मिनिटकाटा पंधरा सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढाच हा दीड अंश. पण तेवढ्यानं पुढचं चाक चालवणाऱ्याच्या जवळ येतं, आणि गाडी वळणात पडायला कमी वेळ घेते. नुसतं मनात आणलं की वळते, म्हणे. अंगाचा भारही पुढं जातो. वळणाआधी जोरात ब्रेक दाबला की पुढचं टायर रस्त्याला घट्ट दाबलं जातं आणि तिथं पकड मिळते. बदल्यात काय द्यावं लागतं? रस्त्यातला खडा आधी सरळ मनगटात येतो, मग डोक्यात. आखूड आणि उभ्या गाडीला खड्ड्यांचा राग लवकर येतो, हँडल थरथरतं. गुळगुळीत रस्त्यावर जी चपळाई, तीच खडबडीत रस्त्यावर चिडचीड.

“काकू, बसून पाहता काय?”

आता मी अंगणवाडीच्या नोकरीत मेळघाटात एम-८० पिटाळलेली बाई. सेमाडोह, हरिसाल, कुठं कुठं गेले त्या गाडीवर. त्यामुळं मागं कसली सरते! पदर खोचला आणि तट्ट्याच्या फटीतून पलीकडं गेले.

बसले म्हणजे काय झालं ते सांगते. आधी पाय टेकेनात, नुसत्या चवड्यांवर उभी. मग मुठी धरायला वाकले तर वाकतच गेले, हनुवटी टाकीकडं. अंगाचा सगळा भार दोन मनगटांवर. पाय मागच्या खुंट्यांवर ठेवले तर गुडघे असे दुमडले की संधिवाताच्या डॉक्टरांची आठवण झाली. मान वर केल्याशिवाय समोरचं दिसेना, आणि मान वर केली की मानेच्या मागच्या शिरेनं निषेध नोंदवला. आरसे मात्र छान. पुढं लांब हात केल्यासारखे, आणि वळायचा पिवळा दिवा त्या आरशातच बसवलेला. वयनी तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणजे सकाळपासून पहिल्यांदा हसत होती.

“आता असं समजा काकू,” पोरगं म्हणालं, “का हे सगळं दीडशेच्या स्पीडवर हाय. समोरून येणारी हवा छातीले उचलून धरते. मंग मनगटावर वजनच राह्यत नाई. तव्हाच हे बैठक बरोबर होते.”

“अन् चाळीसवर?”

“चाळीसवर... चाळीसवर हात दुखते.”

हेच पाहा. खरं बोलणारं पोरगं आहे. या गाडीची बैठक, कवच, कोन, सगळं एका ठरावीक वेगाचं गणित धरून मांडलेलं आहे, आणि तो वेग आमच्या गावच्या कोणत्याच रस्त्याला माहीत नाही. इंजिनाचंही तसंच. त्याची पूर्ण ताकद येते नऊ हजारांच्या पुढं फेऱ्या गेल्यावर. घाटात माणूस त्याच्या निम्म्यावर चालवतो. म्हणजे ताकदीचा वरचा मजला बांधलेला, पण जिना चढायला परवानगी नाही.

एवढ्यात तिसऱ्या घरचे मामाजी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. एसटीच्या परतवाडा आगारातून रिटायर झालेले ड्रायव्हर, उभी हयात या घाटात गाडी घातलेली. गाडी म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. त्यांनी आरसीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून पोटाखाली पाहिलं. सायलेन्सर तिथंच, खाली. स्पीडब्रेकरची उंची मनातल्या मनात मोजली आणि मान हलवली.

“चांगली हाय. पन हिले चालोशीन कोठं?”

“घाटात, मामाजी.”

“घाटात!” मामाजी तट्ट्यालाच टेकून उभे राहिले, आणि तट्टा कुरकुरला. “धामणगाव गढीपासून वर चढतं तव्हा किती वळणं लागते? मोजली कधी? म्या बी नाई मोजली. कारन घाटात ड्रायव्हर वळन पायतच नाई. वळनाच्या मांगं काय हाय थे पायते. रानगवा हाय, वानराचं टोळकं हाय, धुकं हाय, गवळ्याच्या म्हशी हायत, नाईतर नागपूरच्या पाव्हन्यानं मधातच गाडी थांबवून सेल्फी चालवला हाय. वळन काय, थे त कालच्याच जागी असते.”

मला वाटतं, या सगळ्या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यांत शहाणं वाक्य हेच. शर्यतीच्या ट्रॅकवर वळणामागं काहीच नसतं. तेच वळण, तोच डांबराचा पट्टा, सगळ्या गाड्या एकाच दिशेनं, बाहेर मोकळी जागा, धोका दिसला तर झेंडा दाखवायला माणूस उभा. चालवणारा तेच वळण दिवसभर पुन्हा पुन्हा घेतो आणि दर वेळी ब्रेक जरासा उशिरा दाबून पाहतो. ट्रॅकची गाडी बनवणारे हेच गृहीत धरून बनवतात, की समोर अचानक काही येणार नाही. आणि मेळघाटात तर जे येतं ते अचानकच येतं. इथल्या जंगलात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, यावर वाद नाही.

“मंग समृद्धीवर नेतो,” पोरगं म्हणालं.

मामाजी हसले. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा एवढा सरळसोट रस्ता, आणि त्यावर ट्रक चालतो पण आरसी ३९० चालत नाही. राहिला अमरावती-अकोला. २०२२ च्या जूनमध्ये त्या रस्त्याचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं होतं, लोणीपासून मान्यापर्यंत. वऱ्हाडात वेगाचा म्हणून जो काही जागतिक विक्रम आहे तो रोलरच्या नावावर आहे, फटफटीच्या नाही.

“त मंग जे जागा हिच्यासाठी हाय, थे कोठं हाय?” वयनीनं विचारलं. तिला आता खरंच जाणून घ्यायचं होतं. राग तसाच होता, पण बाजूला कुतूहल येऊन बसलं होतं.

पोरानं यादीच वाचली, पाठ असल्यासारखी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, १९९० पासूनचा, एक फेरी ३.७ किलोमीटरची. कोइंबतूरचा कारी, तो लहान, दोन किलोमीटरच्या जरा वर. दिल्लीकडं ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, तिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपी, इटलीचा बेझेक्की जिंकला ती. आपल्या सगळ्यांत जवळ म्हणाल तर इंदूरकडचं पिथमपूर. धारणीवरून खंडवा, खंडव्यावरून इंदूर. तिथं ११.३ किलोमीटरचा लंबगोल रस्ता बांधलेला आहे. पण तो कंपन्यांच्या गाड्यांची परीक्षा घ्यायला. वयनीच्या लेकाला तिथं कोण सोडतो!

“महाराष्ट्रात?”

“गाड्या महाराष्ट्रात बनते, काकू. चाकणले केटीएम, चाकणलेच कावासाकी जोडते. बारामतीले एप्रिलियाची आरएस ४५७ बनते, इटलीच्या कंपनीची, अन् थे साऱ्या जगात जाते. पन इकडं वऱ्हाडात असा मोठा ट्रॅक नाई.”

बारामतीत शर्यतीच्या घराण्यातली इटालियन गाडी बनते, हे मामाजींना माहीत नव्हतं. त्यावर त्यांनी राजकारणातलं एक वाक्य टाकलं. ते मी गाळते.

नवीच का नाही घेतली मग, असं मी विचारलं. पोरानं नुसता कपाळाला हात लावला. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के, त्याच्यावर गेली की थेट ४० टक्के. आधी दोन्हींना २८ होते, मोठीला वर तीन टक्के सेस. म्हणजे २३ सीसीनं रेघ ओलांडणाऱ्या इंजिनाला सरकार चैनीची वस्तू समजतं. समजू दे. या एका बाबतीत वयनीचं आणि सरकारचं एकमत आहे.

मग पोरानं मोबाइल काढला आणि पुण्याचा सार्थक चव्हाण दाखवला. शाळकरी वयातच होंडाच्या एनएसएफ २५०आर वर राष्ट्रीय शर्यती खेळलेला. ती गाडी म्हणजे खरी ट्रॅकची. तिला हेडलाइट नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही, रस्त्यावर आणताच येत नाही. तिच्यापुढं आरसी म्हणजे संसारीच म्हणायची. वयनीनं फोटो नीट पाहिला. पोरगा वळणात एवढा आडवा, की गुडघा रस्त्याला टेकलेला.

“त्याची माय कशी झोपत असंन वं?”

मी म्हटलं, पोरांचंच काय घेऊन बसलीस, २०१८ मध्ये स्पेनच्या ॲना कारास्को नावाच्या पोरीनं तीनशे सीसीच्या गटाची जागतिक स्पर्धा जिंकली, कावासाकीवर. पुरुषांच्या बरोबरीनं धावून. मोटारसायकलच्या रस्त्यावरच्या शर्यतीत एकट्यानं जगज्जेती झालेली ती पहिली बाई. वयनी काही बोलली नाही, पण पुन्हा एकदा गाडीकडं पाहिलं, आणि या वेळी शेपटाकडं नाही, पुढच्या सीटकडं.

खरा खुलासा मात्र मामाजींनी केला. त्यांच्या साळ्याकडं पटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची, जोडी होती. तळेगाव दशासरचा शंकरपट ज्यानं पाहिला नाही त्याला वऱ्हाडातला वेग कळायचा नाही. जानेवारीतली थंडी, मैदानात सरळ आखलेल्या दोन वाटा, शेजारी शेजारी सुटणाऱ्या जोड्या, छकडीवर जेमतेम टेकलेला धुरकरी, आणि निकाल सेकंदांच्या तुकड्यांत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा मामाजी तापानं पडल्यासारखे झाले होते. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली आणि २०२३ च्या १८ मे रोजी पाच न्यायमूर्तींनी शर्यतींना मुभा देणारा कायदाच मान्य केला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. आता तर तिथं बायांचाही पट होतो. लुगड्याचा काष्टा घालून बाया छकडीवर उभ्या राहतात.

“पटाच्या बैलाले वखराले जुपते काय कोनी?” मामाजी म्हणाले. “नाई जुपत. त्याले दूध, अंडे, उडीद. सावलीत बांधते. वर्सातून चार-दोन डाव धावते, ते बी सेकंदाच्या हिशोबानं. वावरात सोडला त तास वाकडं करते अन् खुर मोडून घेते. थो काय खराब बैल हाय? नाई. थो पटाचा हाय. हे गाडी पटाची हाय, वयनी. पोराचं चुकलं नाई.”

पोरगं खूश झालं. वयनीचा चेहरा पडला. मामाजी शेजारी म्हणून आले होते आणि साक्षीदार म्हणून विरुद्ध पार्टीला जाऊन बसले.

पण मला त्यात एक फट दिसली, आणि ती मी सांगितली. मामाजी, तुमच्या साळ्याकडं पटाची जोडी होती, कबूल. पण घरी वखराचीही जोडी होती की नाही? पटाचे बैल पाळतो तो कास्तकार वावर पडीक ठेवून पाळत नाही. या पोरानं वखराची जोडी विकून पटाची आणली, तिथं घोळ आहे. ड्यूकवर आई बसत होती, गॅसची टाकी येत होती, धुक्यात ताठ बसून पुढचं दिसत होतं. ती चपळ होती आणि घरच्या कामाचीही होती. आरसी वाईट नाही, पण ती घरातली दुसरी गाडी असायला पाहिजे. पहिली म्हणून आणली, की ती घाटातही धड नाही आणि ट्रॅकवरही नाही. दारात उभी राहून नुसती फोटोपुरती उरते.

आणि माझं तर म्हणणं, चारशेच्या जवळपासच्या या गाड्या घेणारी आपली बहुतेक पोरं हेच करतात. ज्या दिवशी आपली गाडी पुरती वापरता येईनाशी होते, त्या दिवशी ती आणखी कडक गाडी घेतात. ड्यूकची ताकद त्याच्याकडून घाटात कधी संपली होती काय? संपत नाहीच कोणाची.

“संपली नवती,” पोरगं म्हणालं. मग जरा थांबून, “पन ड्यूकवर बसलं का घाट दिसे. हिच्यावर बसलं का चेन्नई दिसते.”

याला काय म्हणायचं! वयनीनं माझ्याकडं पाहिलं, मी मामाजींकडं, मामाजी आभाळाकडं.

मग मामाजींमधला एसटीवाला जागा झाला. त्यांनी इन्शुरन्सचा कागद मागितला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बोट ठेवून बारीक अक्षरातली ओळ काढली. गाडी कोणत्या कामासाठी वापरली तर भरपाई मिळणार नाही, त्याची यादी असते. भाड्यानं देणं, मालवाहतूक, आणि त्यातच आयोजित शर्यत, वेगाची चाचणी. म्हणजे ट्रॅकवर पडलास तर प्लास्टिकचा तुकडान् तुकडा खिशातून. फेअरिंगवाल्या गाडीचं हेच दुखणं आहे. ड्यूक पडली तर खरचटते, आरसी पडली तर तिचे कपडे फाटतात.

पोराला हेही ठाऊक होतं. ट्रॅकवर नुसत्या सरावाचे दिवस असतात, पैसे भरून. शर्यत नाही, बक्षीस नाही. त्याला आधी चामड्याचा सूट, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे लागतात. आरसे काढायचे, दिव्यांवर टेप चिकटवायची, म्हणजे फुटले तर काचा ट्रॅकवर सांडत नाहीत. आणि टायर. मऊ रबराचं टायर गरम झाल्याशिवाय धरत नाही. मोठ्या शर्यतीत तर त्याला विजेचे गरम पट्टे गुंडाळून ऐंशी अंशांच्या आसपास तापवतात आणि मगच सोडतात. चिखलदऱ्याच्या पौषातल्या पहाटे टायरला काय वाटत असेल, ते पोरानंच सांगितलं. गाडी घेतल्यावर पहिल्याच वळणात मागचं चाक जरासं सरकलं, आणि तेव्हापासून तो उन्हं वर आल्याशिवाय निघत नाही.

“हे मले नोको सांगू,” वयनी म्हणाली. पण ऐकलं तिनं नीट.

बाराशे किलोमीटर लांबच्या चेन्नईला गाडी जाणार कशी? चालवत नेली तर पोचेपर्यंत मनगटंच राहायची नाहीत. तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. टाकी रिकामी करून बडनेऱ्याहून रेल्वेच्या पार्सलनं. मामाजी लगेच म्हणाले, सोबत मी येतो, कोणीतरी मोठं माणूस पाहिजे. त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

वयनी बराच वेळ गप्प होती. मग तिनं फैसला दिला, आणि तो मला कोर्टाच्या फैसल्यापेक्षा बरा वाटला. चेन्नईला जा. एकदा जा, मनासारखं पळव, हाडं घेऊन परत ये. पण त्याच्या आधी घरात वखराची जोडी आली पाहिजे. सीट असलेली, थैली अडकवायला हूक असलेली, मला उतरताना लाज वाटणार नाही अशी. नवी नको, पैसे उरलेच कुठं आहेत. कोणाची तरी वापरलेली पाहा.

एवढं बोलून ती माझ्या अंगणाकडं पाहू लागली. पोरगंही. मामाजीही. माझ्या पडवीत माझी जुनी स्कूटर ताडपत्रीखाली उभी असते, गुडघ्यांमुळं मी हल्ली चालवत नाही.

“काकू,” पोरगं म्हणालं, “हे विकाची हाय काय?”

मी आकडा सांगितला.

“एवढे?” वयनी उसळलीच. “अवं, शेजारधर्म नावाची काई चीज हाय का नाई?”

“हाय ना,” मी म्हटलं. “म्हणून तर हेल्मेट फुकट देऊन रायली.”